तेच कामगार, तीच इमारत



कचेरी असो, कारखाना असो वा शाळा असो, तेथील काम बिघडलें म्हणजे आपलें बोट प्रथम माणसांकडे वळतें. कामगार चुकार, कारकून आळशी, मास्तर बेजबाबदार, हीं विशेषणें आपल्या जिभेवर तयारच असतात. माणसें बदला म्हणजे काम सुधारेल, असा हा सरळ हिशेब. तो कितपत खरा आहे याची परीक्षा सहसा होत नाहीं. कारण माणसें तींच ठेवून केवळ कारभाराची रीत बदलली, असा योग फार क्वचित् येतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांतील फ्रीमाँट या गांवीं तो एकदां आला. त्याची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

फ्रीमाँट येथें जनरल मोटर्स कंपनीचा मोटारी जोडण्याचा मोठा कारखाना होता. त्याची ख्याति मात्र चांगली नव्हती. कोणत्याहि दिवशीं पांचांतला एक कामगार गैरहजर असावयाचा. कामावर दारू चाले. चिडलेला कामगार मोटारींत मुद्दाम खोड करून ठेवी. व्यवस्थापक आणि कामगारसंघ यांच्यामधील तक्रारींचे तर हजारों कागद निकालावांचून पडून होते. अखेर १९८२ सालीं कंपनीनें कारखान्यास कुलूप लावलें.

पुढें १९८४ सालीं जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा कंपनी यांनीं भागीदारीनें तोच कारखाना पुन्हां उघडला. कारभार टोयोटाकडे आला. कामावर घेतलेल्यांपैकीं बहुतेक मंडळी जुन्याच कारखान्यांतली होती, आणि त्यांचा संघहि तोच राहिला. त्यांपैकीं कित्येकांना गटप्रमुख म्हणून तयार करण्यासाठीं जपानांत ताकाओका येथील कारखान्यांत धाडण्यांत आलें. थोड्याच काळांत गैरहजेरी शेंकडा दोनतीनवर आली, आणि तेथून निघणारी मोटार जपानांत बनलेल्या मोटारीच्या तोडीची ठरूं लागली.

मग बदललें तरी काय? साहेबांची निराळी भोजनशाळा गेली. कामगारांचे अनेक वर्ग मोडून त्यांचे लहान लहान गट झाले. परंतु माझ्या मतें सगळें मर्म एका दोरांत आहे.

मोटारीचा सांगाडा सरकत्या रांगेवरून एकेका कामगारापुढें येतो व पुढें जातो. जुन्या व्यवस्थेंत ही रांग थांबतां कामा नये असा दंडक होता. बोल्ट चुकीचा बसो, दार वांकडें लागो, गाडी पुढें जाऊं द्यावयाची. दुरुस्ती मागाहून अंगणांत. रांग अडविणाराची मुकादम धडगत ठेवीत नसे. नव्या व्यवस्थेंत रांगेच्या कडेनें, हाताला येईल असा, दोर टांगलेला असे. कामांत अडचण आली कीं कामगारानें तो ओढावयाचा. लगेच दिवा लागे, गटप्रमुख धांवत येई, आणि ठरल्या अवधींत अडचण सुटली नाहीं तर रांग थांबे. काय झालें, असें तो विचारी. कोणी केलें, हा प्रश्न मागें पडला.

या दोराचें मूळ मागावर आहे. टोयोटा मोटारी करूं लागण्यापूर्वीं त्या घराण्यांतील साकिची टोयोडा हे माग बनवीत. त्यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटतांच आपोआप थांबे. मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना याचें मोल सांगावयास नको. तुटल्या धाग्यानिशीं माग चालत राहिला तर कापड विणलें जातें खरें, पण तें विकावयाचें कोणास?

माझा धंदा शिक्षकाचा. एका शाळेंत मीं दोन मुख्याध्यापकांच्या हाताखालीं काम केलें. पहिल्यांची रीत अशी कीं, चाचणी परीक्षेंत ज्या वर्गांत नापास अधिक, त्या वर्गाच्या शिक्षकाकडून लेखी खुलासा मागावयाचा. त्यांच्या अमदानींत चाचणीचे निकाल उत्तम लागत, आणि शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं सर्वांचे चेहरे उतरत. दुसरे मुख्याध्यापक शिक्षकांच्या सभेंत नापासांची यादी मागवीत आणि कोणाचें गाडें कोठें अडलें तेवढेंच विचारीत. पहिल्या वर्षीं याद्या इतक्या लांबलचक आल्या कीं, संस्थेचे चालक घाबरून गेले. मास्तर तेच होते, मुलें त्याच वस्तींतलीं होतीं.

यावरून फ्रीमाँटला रामराज्य आलें असें मात्र कोणी समजूं नये. जुन्या कारखान्यांत कामगाराचे हात मिनिटांतील सुमारें ४५ सेकंद चालत, नव्यांत ५७. प्रत्येक हालचाल मोजलेली. ही ओढाताण न सोसणारे लोक होते, आणि संघांत व्यवस्थापनाविरुद्ध एक पक्षहि उभा राहिला. तरीहि बहुतेकांनीं ती रीत पत्करली, याला एक कारण आहे. कामगारकपातीची वेळ आलीच तर आधीं अधिकाऱ्यांच्या पगारास कात्री लावूं, असें करारांत लिहून दिलेलें होतें. १९८८ च्या सुमारास मोटारींची विक्री घसरली, कारखाना अर्ध्यामुर्ध्या कामावर आला, तरी कोणाला घरीं पाठविलें नाहीं; रिकाम्या हातांना शिक्षण दिलें. दोर ओढण्याचें धैर्य येतें तें अशा वचनाच्या आधारावर, असें मला वाटतें.

जनरल मोटर्सनें हीच रीत त्याच संस्थानांतील व्हॅन नाइजच्या आपल्या कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला. तेथें गट पाडले. परंतु कामगारांत दुफळी माजली, वरच्यांचा आणि खालच्यांचा अविश्वास होता तसाच राहिला. १९९२ सालीं तो कारखाना बंद पडला.

फ्रीमाँटचा त्यानंतरहि पुष्कळ वर्षें चालला. २००९ सालीं जनरल मोटर्सचें दिवाळें निघालें, तिनें भागीदारी सोडली, आणि एकट्यानें गाडा हांकावयाचा नाहीं असें टोयोटानें ठरविलें. १ एप्रिल २०१० रोजीं शेवटची कोरोला मोटार रांगेवरून उतरली आणि सुमारें ४,७०० कामगारांची नोकरी गेली. तो निर्णय थांबविण्यासाठीं ओढावयाचा दोर त्यांच्या हातीं नव्हता. त्याच इमारतींत आतां टेस्ला कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात. तेथील कामगारांचा संघ नाहीं.