चोरपावलांचा खेळ



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झालं, नाटक झालं, सीमाभागातली बोली झाली. यंदा मी व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर कार्यवाहांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'या वयात?' असं विचारलं नाही, हा त्यांचा सभ्यपणा. सभागृहात जे होते त्यांना मी तो खेळ पडद्यावर दाखवला. तुमच्यासाठी शब्दांनी भागवावं लागेल.

मी उद्यमबागेत छत्तीस वर्षं मशीनशॉप चालवलं. फाउंड्रीतून ओतीव यायचं, आम्ही ते लेथवर चढवायचो, भोक पाडायचो, घासून मापात आणायचो आणि पुढं पाठवायचो. आता शॉप पुतण्या बघतो. रात्री जेवण झालं की तो कॉम्प्युटरसमोर बसतो. बरेच दिवस मी दारातूनच परतत होतो. त्याचं कारण वेगळं होतं, ते पुढं सांगतो.

खेळाचं नाव 'इन्व्हिजिबल, इंक.' कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या 'क्ले एंटरटेनमेंट' या छोट्या कंपनीनं तो 2015 साली आणला. काळ 2074 सालचा. जगावर बड्या कंपन्यांचं राज्य आहे आणि तुमची गुप्तहेर संघटना त्यांनी उद्ध्वस्त केली आहे. हाताशी सुरुवातीला दोनच हेर आणि 72 तास. कुठल्या कंपनीच्या इमारतीत शिरायचं ते जगाच्या नकाशावर ठरवायचं. विमानानं तिथं जाण्यात तास खर्ची पडतात. शिरायचं, तिजोरी फोडायची, कुणाला दिसायचं नाही आणि बाहेर पडायचं.

बुद्धिबळासारखा एक डाव तुमचा, एक पहारेकऱ्यांचा. इमारतीचा आराखडा दर वेळी यंत्रच नव्यानं मांडतं, त्यामुळं पाठांतर चालत नाही. आणि सगळे हेर गमावले की मोहीम संपली. परत पहिल्यापासून. या जातीच्या खेळांना 'रोगलाईक' म्हणतात. त्यांचा मूळपुरुष म्हणजे 1980च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी केलेला 'रोग' नावाचा खेळ. इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, भामटा. आमच्या घरात मात्र 'याला रोग लागलाय' हे मराठीतूनच म्हटलं गेलं.

पहिल्या रात्री मी त्याच्या शेजारी बसलो तेव्हा हेर एका टेबलाआड होता. मी माऊस हातात घेतला.

"काका, हलू नका. तो बघूलालाय."

पहारेकऱ्यानं पाहिलं तरी तो लगेच गोळी झाडत नाही. बंदूक रोखून धरतो. त्याच्या नजरेसमोर हललात तर मात्र संपलं. तेवढ्या सवलतीत काय ते सुचायला हवं. मला सुचलं नाही.

या खेळाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तो काही लपवून फसवत नाही. पहारेकऱ्याला कुठवर दिसतं ते जमिनीवर रंगानं दाखवतो. दाराआड डोकावता येतं. एखाद्यावर नजर ठेवली तर तो पुढं कुठून जाणार तेही कळतं. नेम लागेल की चुकेल याचा फासा इथं नाहीच. म्हणून पकडले गेलात तर बहुतेक वेळा बोट स्वतःकडंच दाखवावं लागतं. दार लोटायचं राहिलं, एक घर जास्त चाललो, हाव धरली. एखादी खेळी मागं घेण्याची सोयही आहे, पण मोजकीच. नवख्याला जास्त वेळा, सराईताला कमी.

दुसरं बळ घाईचं. तुमच्या प्रत्येक डावागणिक धोक्याचा काटा एक घर सरकतो. पाच घरं झाली की इमारत आणखी सावध होते, नवे कॅमेरे, नवे पहारेकरी. म्हणजे कोपऱ्यात बसून राहण्याचा शहाणपणा चालत नाही. 5 एप्रिल 1663च्या रात्रीचा लालमहाल आठवा. शाहिस्तेखानाची बोटं आपण लहानपणापासून मोजत आलो. पण आरडाओरडा झाल्यावर महाराज आणि त्यांची माणसं बाहेर कशी पडली, हा खरा अभ्यासाचा भाग. या खेळात दर वेळी तोच प्रश्न समोर येतो. आत सगळेच शिरतात.

आता तक्रारी. कथा अगदी पातळ. पडद्यावरची अक्षरं बारीक, माझ्यासारख्याला भिंग घेऊन बसावं लागतं. हे मी सोडून देतो. खरी तक्रार यंत्राच्या मांडणीबद्दल आहे. पुढंपुढं चिलखत घातलेले पहारेकरी येतात. ते भेदणारं हत्यार तोवर दुकानात मिळालंच नसेल तर तुमची हुशारी त्या चिलखतावरून घरंगळते. किंवा बाहेरचं दार अशा ठिकाणी येतं की वाटेत आडोसाच नाही. चार तास नीट खेळलेला माणूस तिथं संपतो, आणि त्याचं नेमकं काय चुकलं हे सांगता येत नाही. खेळाचे चाहते म्हणतात, आधीच तजवीज करायला हवी होती. अर्धं खरं आहे.

हे मला इतकं का लागलं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी चाळीस व्हॉल्व्ह बॉडींचा एक लॉट होता. सगळं काम पुतण्यानं केलं. दाब देऊन तपासताना त्यातले एकोणीस गळाले. मी सगळ्या कामगारांदेखत त्याला बोललो. काय बोललो ते इथं छापत नाही. दोन दिवसांनी एक पीस उभा चिरला, तर आत पोकळ्या. ओतीवच खराब. वरून गुळगुळीत, मापात चोख, आणि आत हवा. फाउंड्रीनं माल बदलून दिला, आमची मजुरी गेली. मी ते चिरलेलं तुकडं भंगारात टाकलं आणि त्याला काहीच सांगितलं नाही.

तर एका रात्री त्याच्या मोहिमेत दोन हेर गेले. मी म्हणालो, "घाई केलीस." तो म्हणाला, "हां, हे माझं. दार लावलं नाही." आठवड्यानं पुन्हा तसंच झालं, सगळेच गेले. मी तोंड उघडायच्या आत तो पडद्याकडं बघतच म्हणाला, "हे माझं नाही, काका. हे ओतीव खराब होतं."

म्हणजे ते तुकडं त्यानं भंगारात पाहिलं होतं. चार वर्षं.

मी त्याला त्या रात्री सांगितलं. उशिरा सांगितलं. त्यानं मान हलवली आणि नवी मोहीम सुरू केली. हरल्यावरही अनुभवाचे गुण जमा होतात आणि त्यातून नवे हेर खुले होतात, ही त्या खेळाची दयाबुद्धी. त्यानं माऊस माझ्याकडं सरकवला.

तुमच्या घरात असं कुणी रात्री पडद्यासमोर बसत असेल, तर एकदा शेजारी बसून पाहा. वेळ वाया जातो का, हे मी सांगत नाही. हरल्यावर ते पोर काय म्हणतं तेवढं ऐका. आमची सध्याची मोहीम साठाव्या तासाला आहे. चिलखत भेदणारं हत्यार अजून मिळालेलं नाही.