मैदान कोणाच्या नावावर आहे?

(खामगाव येथे पक्षकार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि पीकविमा बाजूला ठेवून मी आज फुटबॉलच्या क्लबांविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपला बुलढाणा जिल्हा कबड्डीचा आणि कुस्तीचा. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. संस्था कोणाची, हा प्रश्न आपण जिनिंग फॅक्टरीविषयी आणि साखर कारखान्याविषयी नेहमी विचारतो. तोच प्रश्न क्लबाविषयी विचारला, तर त्याचे उत्तर क्लबांच्या इतिहासात फार स्वच्छ वाचता येते.

मुंबईत रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. प्रारंभी तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कोठे तो प्रथम भारतीय नागरी संघाच्या हाती आला. पुढे गिरण्या आणि कंपन्या यांनी संघ उभे केले. खेळाडूला नोकरी मिळे आणि मालकाला नाव मिळे. या व्यवस्थेने अनेक गरीब मुलांच्या घरी चूल पेटती ठेवली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संघाचा जीव मालकाच्या मुठीत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मफतलाल, ऑर्के यांसारख्या गिरण्यांच्या नावाने खेळणारे संघही पडद्याआड गेले.

महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली स्थापन झाला. ‘महिंद्रा युनायटेड’ या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाला मिळालेले हे पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० च्या हंगामाअखेर, कंपनीने संघ विसर्जित केला. संघ हरला म्हणून तो मोडला नाही. कंपनीचे धोरण बदलले, एवढेच. ज्यांनी कूपरेजच्या मैदानावर वर्षानुवर्षे उभे राहून घसा कोरडा केला, त्यांना कोणी काही विचारले नाही. विचारावे असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

हा अपवाद म्हणावा, तर पुढची दहा वर्षे पाहा. पुणे एफसी २००७ साली निघाली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली, आणि दशक संपण्यापूर्वी नाहीशी झाली. भारत एफसी एक हंगाम खेळली. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी यांचा खेळ २०१७ मध्ये आटोपला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. एकाच राज्यातील इतके क्लब इतक्या थोड्या वर्षांत बुडाले, याचा दोष खेळाडूंच्या पायांना देता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, कंपनीचा क्लब कंपनीबरोबर जाणारच. वस्तीने उभारलेला क्लब मात्र टिकतो. हेही पूर्ण खरे नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८७२ साली स्वयंसेवक सैनिकांच्या एका पलटणीतून ‘थर्ड लॅनार्क’ नावाचा क्लब निघाला. १८९० साली स्कॉटिश लीग सुरू झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. १९०४ मध्ये तो लीगचा विजेता ठरला. १९६०-६१ च्या हंगामात त्याने शंभर गोल करून तिसरा क्रमांक मिळवला. १९६५ मध्ये तो खालच्या श्रेणीत उतरला आणि १९६७ साली मेला! एप्रिलमधील शेवटचा सामना त्याने डम्बार्टनविरुद्ध पाच-एक असा गमावला. सरकारी चौकशीत संचालकांच्या कारभारावर कडक ठपका ठेवण्यात आला. क्लब लोकांच्या मनात होता, परंतु कागदावर ती भागभांडवलाची कंपनी होती. ज्याच्या हाती भाग, त्याच्या हाती किल्ल्या. त्याचे कॅथकिन पार्क हे मैदान आज सार्वजनिक उद्यान आहे आणि प्रेक्षकांच्या जुन्या पायऱ्या तेथे झाडांच्या सावलीत अजून उभ्या आहेत.

त्याच देशातील क्लाइडबँक हा क्लब २००२ मध्ये दुसऱ्या गावच्या मंडळींनी विकत घेतला आणि त्याचे नाव व गाव दोन्ही बदलले. पाठीराख्यांनी हार मानली नाही. २००३ मध्ये त्यांनी अगदी तळाच्या पायरीपासून तोच क्लब पुन्हा सुरू केला. स्टर्लिंग अल्बियन हा खालच्या श्रेणीत खेळणारा क्लब २०१० मध्ये पाठीराख्यांच्या संस्थेने ताब्यात घेतला. हे क्लब मोठे नाहीत, श्रीमंत तर नाहीतच; पण त्यांच्या गावातून त्यांना उचलून नेणे आता सोपे राहिलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही अशी परंपरा आहे. कोल्हापुरात फुटबॉल खेळतात ते संघ पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशा नावांचे. तालमी कुस्तीच्या, आणि त्यांच्याच अंगणात फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तेथे लोटते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. या तालमी निर्दोष नाहीत. पेठेचा अभिमान तेथे पुष्कळदा हाणामारीवर उतरला आहे. परंतु मुंबईतील कार्यालयात बसून कोणी त्या बंद करू शकलेला नाही. आणि आपल्या शेजारी अमरावतीला पाहा. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. ते मंडळ आजही उभे आहे.

आता कार्यकर्त्यांनी करावयाच्या कामाविषयी. आपल्या गावोगावच्या क्रीडा मंडळांचे काय? बहुतेकांचा कारभार एका पुढाऱ्याच्या देणगीवर चालतो. गणवेशावर त्याचे नाव, फलकावर त्याचे छायाचित्र. निवडणूक संपली की चेंडूही संपतो. म्हणून प्रथम एक साधी गोष्ट करा. आपली मुले ज्या जागेवर खेळतात, तिचा सात-बारा काढा. शहरात असाल तर मिळकत पत्रिका काढा. ती जागा गावठाणाची आहे, गायरानाची आहे, शाळेची आहे की कोणा खाजगी इसमाची, हे माहीत नसलेले मंडळ अजून जन्मलेलेच नाही असे समजा. जागा ग्रामपंचायतीची असेल, तर ती क्रीडांगण म्हणून राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्या.

दुसरे, मंडळाची नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही ती झाली पाहिजे. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. हे कुंपण दुबळे आहे असे कोणी म्हणेल. पण आज अनेक ठिकाणी कुंपणच नाही.

तिसरे, नोंदणीने सर्व काही होते असे मानू नका. सहकाराचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. कागदोपत्री हजारो सभासदांचे असलेले कारखाने मूठभर संचालकांनी कसे गिळले आणि पुढे ते कवडीमोलाने कसे विकले गेले, हे आपण पाहिले आहे. वार्षिक सभेला सभासद आले नाहीत, हिशेब वाचले गेले नाहीत, तर आपल्या मंडळाचेही थर्ड लॅनार्क होईल. आणि सभासद म्हणजे कोण? ज्या मंडळाच्या पटावर गावकुसाबाहेरच्या वस्तीतला मुलगा नाही आणि एकही मुलगी नाही, त्याने स्वतःस सार्वजनिक म्हणवून घेऊ नये.

साथींनो, पुढच्या बैठकीला येताना ठरावांचे मसुदे आणू नका. आपापल्या गावच्या मैदानाचा उतारा आणा. तो मांडून आपण पुढचे बोलू.