फाटक उघडेपर्यंत



17 ऑगस्ट 2022. मध्यरात्र उलटून गेली होती. आपल्या गोंदियाजवळ, गुदम्याच्या बाजूला, बिलासपूरहून भगत की कोठीकडे निघालेल्या एक्स्प्रेसची पुढच्या मालगाडीला मागून धडक बसली. डबा घसरला, झोपेतले प्रवासी जखमी झाले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. अशा धडका टाळण्यासाठीच ‘कवच’ यंत्रणा आहे. गाडी लाल सिग्नल ओलांडणार असे दिसताच ती आपोआप ब्रेक लावते. हावडा-मुंबई मार्गावर ती लवकर बसावी, ही मागणी आपण सोडता कामा नये.

पण मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या अपघाताबद्दल. त्याची बातमी चार ओळींची असते. रूळ ओलांडताना माणूस जातो आणि थोड्या वेळाने गाडी पुढे निघते.

रोवणीच्या दिवसांत बायांची टोळी सकाळी घाईत असते. बांधी रुळापलीकडे, फाटक लांब. मग नेहमीच्या पायवाटेनेच रूळ ओलांडले जातात. गाडी दूर दिसते, पण सरळ अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कळत नाही. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 30 मीटर. त्यात पावसाचा आवाज, डोक्यावर ओढलेला प्लास्टिकचा कागद. लोको पायलटने पाहताक्षणी ब्रेक लावला, तरी गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते.

सर्वांत फसवी वेळ असते एक गाडी गेल्यानंतरची. मालगाडीचा शेवटचा डबा गेला की लोक फाटकाच्या दांडीखालून मोटारसायकल वाकवून काढतात. दुसऱ्या रुळावरची गाडी तोवर मालगाडीआड असते आणि तिचा आवाज त्याच खडखडाटात बुडालेला असतो. राजनांदगाव-नागपूर तिसरी लाइन आली, तिथे तर हा धोका आणखी वाढतो. गेटमन फाटक उघडत नसेल, तर दुसरी गाडी येते आहे असेच समजा. त्याच्यावर ओरडू नका.

विनापरवाना रुळांवर जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. मात्र दंडाने पायवाट बंद होत नाही. ज्या गावाची शेती रुळापलीकडे आहे, तिथे भुयारी मार्ग हवा, आणि तोही पावसाळ्यात पाण्याने न भरणारा. ग्रामसभेत तसा ठराव घ्या, त्याचा पाठपुरावा करा.

भुयारी मार्ग होईपर्यंत, टोळी घेऊन निघणाऱ्या मायबहिणींनो, उद्या थोडे लवकर निघा आणि सगळ्यांना फाटकावरूनच न्या.