भंगारातली अमानत



मी कविता लिहिणारा माणूस. संगणकाविषयी बोलायला उभा राहिलोय याचं तुम्हाला नवल वाटेल. पण माझ्या भाच्याचं सोलापुरात, नव्या पेठेत, संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हाताखाली दोन पोरं. दवाखाने, पतसंस्था, सीए अशी चाळीसेक गिऱ्हाईकं आणि त्यांची वर्षाची देखभालीची कंत्राटं. संध्याकाळचा चहा मी तिथेच घेतो.

2019 च्या उन्हाळ्यात एका दवाखान्याने सगळे संगणक बदलले. जुने सहा भाच्याने बदल्यात घेतले, फायली डिलीट केल्या, डिस्का फॉरमॅट केल्या आणि सगळं किलोवर भंगारात घातलं. दीड महिन्याने कॉलेजातला एक मुलगा दुकानात आला. त्याच्या हातात त्यातलीच एक डिस्क. जुन्या बाजारात चारशे रुपयांना घेतलेली. एका फुकट प्रोग्रॅमने त्याने गंमत म्हणून आत डोकावलं, तर पेशंटांचे रिपोर्टच रिपोर्ट! डिस्कवर दुकानाचं स्टिकर होतं, म्हणून तो इथे आला. पोरगा सज्जन निघाला, एवढंच आमचं नशीब.

भाच्याने डिस्क लावली. मी शेजारीच होतो. समोर आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईचं नाव आलं, त्याखाली तिचा आजार. त्यांच्या घरी आमचं रोजचं जाणं-येणं. पण या दुखण्याचा शब्द आम्ही कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी मान फिरवली, पण वाचून झालं होतं. त्यानंतर ती बाई रस्त्यात भेटली, की सलाम घेताना माझीच नजर खाली जाते.

"मामू, मी तर पुसलं होतं," भाचा म्हणाला.

खोटं नव्हतं. पण डिलीट म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं. जाड ग्रंथाची अनुक्रमणिका फाडावी, तसं ते. पानं जागच्या जागी. झटपट फॉरमॅटनेही फार वेगळं होत नाही. त्या पानांवर दुसरं काही छापलं जाईपर्यंत मजकूर शाबूत असतो आणि जाणकाराला वाचता येतो.

आमच्या घरांत एक शब्द आहे, अमानत. कुणी विश्वासाने सोपवलेली वस्तू. मराठीलाही तो परका नाही, फक्त अनामत होऊन आला; निवडणुकीत अनामत रक्कम जप्त होतेच की! डॉक्टरांनी संगणक दुरुस्तीला दिला, तेव्हा त्यातली माणसंही भाच्याकडे अमानत म्हणून आली होती. त्याने लोखंड तेवढं पाहिलं.

भंगारवाल्याला मी बोल लावणार नाही. त्याने वजनाचे पैसे दिले, माहिती आपणच फुकट दिली. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या तीन शब्दांत तेव्हाचं बहुतेक भंगार मावत होतं. आता सर्किट आलं. दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला अशी सर्किटं तापवून, तेजाबात बुडवून तांबं-सोनं काढतात. शिसं आणि धूर त्या कारागिरांच्या वाट्याला.

सरकारचे नियम आहेत. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. पण त्यांतून सूक्ष्म उद्योग वगळलेत. भाच्याचं दुकान त्यातच बसतं. दुसरीकडे, 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी दवाखान्यासारख्या मूळ संस्थेवर टाकली आहे आणि ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याच्याकडूनही ती पुसून घ्यायची आहे. म्हणजे एका दाराने सुटलेला दुकानदार दुसऱ्या दाराशी उभा.

भाच्याने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. आता दुकानात आलेली जुनी डिस्क आधी कुलपाच्या कपाटात जाते. फिरत्या तबकडीची असेल, तर पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहितात. एकदा पुरतं, मात्र नंतर तपासून पाहायचं. एसएसडीचं तसं नाही. तिच्यात राखीव जागा असते, वरून लिहिलेलं तिथे पोचत नाही. तिला कंपनीनेच दिलेली पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही म्हणून ड्रिलने तिच्या तबकड्या भोसकतात, एसएसडी असेल तर एकूण एक चिप फोडतात. लॅपटॉपची बॅटरी तेवढी बाजूला, तिला हातोडा लावला तर आग लागते. झेरॉक्स मशीनमध्येही डिस्क असू शकते, राउटरमध्ये पासवर्ड राहतात, हे मला तिथेच कळलं. उरलेला माल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या पुनर्वापर करणाऱ्याकडे जातो. भाव कमी मिळतो, त्यावरून माझी बहीण अजून कुरकुरते.

आणि एक वही आहे. डिस्कचा नंबर, कुणाची, कशी पुसली, कुणी पुसली, कुणाला दिली. गिऱ्हाईकाची सही. मी ती एकदा उघडून पाहिली. पहिल्या पानावर त्याच दवाखान्याच्या सहा नोंदी आहेत. चारशे रुपये मोजून परत घेतलेल्या डिस्कपुढे ड्रिल केल्याची तारीख. बाकीच्या पाचांसाठी भाचा जुन्या बाजारात महिनाभर फिरला होता. त्यांच्यापुढचे रकाने कोरे आहेत.