दुपारचे ऊन आणि संध्याकाळचा दिवा

गिरगावात किंवा लालबागला चाळीत ज्याने दिवस काढले आहेत, त्याला साठवण म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. नळाला पाणी येते ते ठराविक वेळी. तेवढ्या वेळात पिंप, हंडे, कळश्या भरून घ्यायच्या आणि दिवसभर पुरवायच्या. नळाची धार मोठी असली म्हणून भागत नाही. पिंपही तेवढेच मोठे लागते. सूर्यापासून मिळणाऱ्या विजेचेही नेमके असेच आहे. हा नळ सकाळी सुटतो, दुपारी धो धो वाहतो आणि दिवेलागणीला बंद होतो. आणि आपल्याला दिवा, पंखा, टीव्ही हवा असतो तो त्यानंतर!

युरोपात सध्या हीच अडचण आहे. युरोपीय संघात २०२४ साली सूर्याच्या विजेने कोळशाच्या विजेला मागे टाकले. पण उन्हाळ्यातल्या काही दुपारी तिथे विजेचा घाऊक भाव शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वीज न्या आणि वर पैसेही घ्या! त्याच दिवशी संध्याकाळी भाव पुन्हा चढतो. नळ मोठा झाला, पिंप लहान राहिले. म्हणून तिथे आता मोठमोठ्या बॅटऱ्या बसवणे चालले आहे. त्यांना दुसरीही एक चिंता आहे. डिसेंबरात थंडीमुळे विजेची गरज मोठी असते आणि ऊन मात्र जेमतेम काही तास.

आपले दैव या बाबतीत बरे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पंखे सर्वांत जास्त फिरतात आणि ऊनही तेव्हाच कडक असते. जुलैत आभाळ भरून येते हे खरे. पण त्याच वेळी साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात आणि सह्याद्रीतले तलाव भरू लागतात. तेव्हा आपल्यापुढचा मोठा प्रश्न आहे तो दुपार आणि रात्र यांच्यामधल्या काही तासांचा.

आता तुम्ही म्हणाल, वीज काय पिंपात भरून ठेवता येते? मुंबईने ती एका अर्थी शंभर वर्षांपूर्वीच भरून ठेवली आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पुढे १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे. चार महिन्यांचा पाऊस घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी इथल्या तलावांत अडवायचा आणि तेच पाणी वर्षभर हवे तेव्हा नळांतून खाली कोकणात सोडून चक्रे फिरवायची, अशी ही योजना. खोपोलीला पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली येते. परळ-लालबागच्या कितीतरी गिरण्यांचे साचे या साठवलेल्या पावसावर चालले.

याच युक्तीचे पुढचे पाऊल म्हणजे पाणी पुन्हा वर चढवणे. दुपारी वीज उदंड असते तेव्हा पंपाने खालचे पाणी वरच्या तलावात न्यायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडायचे. चार युनिटे खर्चावी तेव्हा सुमारे तीन परत मिळतात. तरी सौदा वाईट नाही, कारण जे जाते ते स्वस्त आणि जे येते ते महाग. भिऱ्याला दीडशे मेगावॉटचा असा संच आहे. घाटघरला अडीचशे मेगावॉटची योजना २००८ साली सुरू झाली. शिरवटा आणि भिवपुरी इथे मिळून २,८०० मेगावॉट उभारण्याचा करार टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात २०२३ साली झाला.

पण साठवणीला जागा लागते, आणि जागा कोणाची तरी असते. मुळशीच्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे गेली. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यात पुढे होते. मुंबई उजळली, पण त्या दिव्याचे बिल त्या शेतकऱ्यांनी भरले. म्हणून नवी योजना निघाली की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: पाणी कोणाच्या दारात उभे राहणार, आणि त्याला काय मिळणार?

मग आपल्याच डोक्यावरच्या छपराचे काय? हिशेब करून पाहू. समजा, तीन मजली चाळ आहे, तळमजला धरून ऐंशी खोल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येकी १८० चौरस फूट. म्हणजे छप्पर झाले सुमारे ३,६०० चौरस फूट. कौले, टाक्या, सावली वजा जाता निम्मे हाती येईल. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट लागतात आणि ते दिवसाला सरासरी चार युनिटे देते. तेव्हा १८ किलोवॉटचे झाले ७२ युनिटे. खोलीमागे एकही पुरते येत नाही! फ्रिज असलेल्या बिऱ्हाडाला तीन-चार तरी लागतात. पण जिन्यातले व गॅलरीतले दिवे आणि पाण्याचा पंप एवढे त्यात सुखाने भागते. शिवाय हा पंप भर दुपारी चालवून गच्चीवरची टाकी भरली, तर ती टाकी म्हणजे छोटे घाटघरच झाले म्हणा ना!

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी गच्चीवर नुसती पॅनेले असून उपयोग नाही. बाहेरचा पुरवठा तुटला की तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तीही आपोआप बंद होतात. दिवा हवा असेल तर सोबत बॅटरी आणि तशी जोडणी हवी. मात्र ती बॅटरी लाकडी जिन्याखाली ठेवू नका. आग लागली तर खाली उतरण्याची वाटच अडेल.

आता खरा प्रश्न राहिला तो छपराच्या मालकीचा. भाडेकरूच्या हाती खोली असते, छप्पर नसते. पण नायगाव आणि डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळींपासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत आज सगळीकडे पुनर्विकासाचे वारे आहे. नव्या इमारतीत माणसे वाढतात आणि माणशी गच्ची कमी होते. करारावर सही करताना आपण कार्पेट एरिया इंच इंच मोजून घेतो. गच्ची कोणाची आणि तिच्यावरचे ऊन कोणाचे, हे कोणी विचारत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपयांचे साहाय्य ठेवलेले आहे. पण गच्चीच हातची गेली, तर ते साहाय्य घेऊन करायचे काय?

तेव्हा पुढच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की त्याच्या जोडीला हाही काढा. गच्ची संस्थेची राहील, पॅनेलांना व तारांना वाट राहील, आणि बॅटरीसाठी हवेशीर, जिन्यापासून दूर अशी एक खोली राहील, एवढे तीन मुद्दे करारात लिहून घ्या. इमारत उभी राहिल्यावर ते मागून मिळणार नाहीत.