सिमेंटचे पोते आणि विश्वस्ताची सही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात 'सिमेंट प्रकरण' म्हटले की अजूनही एकच नाव पुढे येते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला, १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला आणि मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. एवढी हकीकत सांगून बहुतेक जण थांबतात. काही मंडळी त्यापुढे जाऊन म्हणतात की हा सारा दोष नियंत्रणांचा होता. नियंत्रणे गेली, आता प्रश्न उरला नाही. पहिले लोक या प्रकरणाचे चरित्र करतात, दुसरे त्याची खुल्या बाजारासाठी जाहिरात करतात. समाजवादी कार्यकर्त्याचे या दोहोंनी भागणार नाही. महागाईविरुद्ध १९७२ पासून मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन उतरलेल्या स्त्रिया रास्त भावाने वाटप व्हावे असेच मागत होत्या. नियंत्रण ही आपल्याच चळवळीची मागणी होती, म्हणून ते कुठे आणि कसे सडले हे समजून घेण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

त्या काळी सिमेंटचा तुटवडा होता आणि किंमत सरकार ठरवीत असे. केंद्राने राज्याला कोटा द्यायचा आणि राज्याने तो परवान्याने वाटायचा, अशी व्यवस्था होती. गळके छप्पर दुरुस्त करू पाहणारा माणूस चार पोत्यांसाठी पुरवठा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवी आणि तेच पोते काळ्या बाजारात चढ्या भावाने हवे तेवढे मिळे. केवळ हिशेबासाठी असे धरू की पोत्याची नियंत्रित किंमत तीस रुपये आहे आणि बाहेर त्याला साठ रुपये पडतात. मग परवान्याच्या कागदावर सही होताच प्रत्येक पोत्यामागे तीस रुपये निर्माण होतात. कारखानदाराने ते कमावलेले नाहीत, बिल्डरानेही नाहीत. समाजाने टंचाईच्या काळात स्वतःवर घालून घेतलेल्या शिस्तीतून ते जन्मले आहेत. धोरणाचा हेतू असा की हे तीस रुपये सामान्य घरबांधणी करणाऱ्याच्या पदरात पडावेत. ते कोणाच्या पदरात पडणार हे प्रत्यक्षात सही करणारा ठरवतो. वाटपाचे निकष छापलेले असतील, अर्जांचा क्रम भिंतीवर लागलेला असेल, तर सही करणारा कारकुनापेक्षा मोठा नसतो. निकष त्याच्या मनात असतील तर तो सावकार होतो.

१९८०मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' स्थापन झाले. हलाखीतल्या साहित्यिक-कलावंतांना साहाय्य करणे हा त्याचा जाहीर उद्देश होता. उद्देशाला कोण नाव ठेवील? उतारवयात औषधाला पैसे नसलेले शाहीर आणि नट महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. प्रतिष्ठान मात्र खासगी न्यास होते, त्याच्या प्रमुखपदी मुख्यमंत्री होते आणि देणगीदारांत सिमेंटच्या कोट्यासाठी रांगेत उभे असलेले बांधकाम व्यावसायिक होते. साखर कारखान्यांकडूनही देणग्या आल्या. समाजवादी चळवळीतले प. बा. सामंत यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. देणगी आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्ती लेंटिन यांनी काढला.

तेव्हा एक बचाव पुढे आला, आणि आजही तो अनेकांना पटतो. पैसा काही कुणाच्या खिशात गेला नाही, चांगल्या कामासाठीच जमा झाला, मग बिघडले काय? या बचावाला नीट उत्तर दिले पाहिजे, केवळ संताप पुरेसा नाही. राज्यघटनेच्या २६५व्या कलमानुसार कायद्याच्या आधाराविना कोणताही कर बसवता येत नाही. कर बसवायचा तर विधिमंडळात मांडावा लागतो, त्यावर चर्चा होते, विरोधी सदस्य दुरुस्त्या सुचवतात. जमलेला पैसा २६६व्या कलमाप्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीत जातो, विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तेथून पैही निघत नाही आणि महालेखापाल तिचा हिशेब तपासतात. ज्याला परवाना हवा त्याच्याकडून परवाना देणाऱ्याच्या न्यासासाठी घेतलेली 'देणगी' वस्तुतः करच असते. फरक इतकाच की तिचा दर विधिमंडळाने ठरवलेला नसतो, ती राज्याच्या तिजोरीत जात नाही आणि महालेखापालांना तिच्या वहीला हात लावता येत नाही. खिसा कोणाचा हा प्रश्न त्यानंतरचा. लोकांनी सोपवलेल्या अधिकाराची किंमत वसूल झाली आणि ती लोकांच्या हिशेबाबाहेर ठेवली गेली, विश्वासघात तेथेच पूर्ण झाला.

याच मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीतले दुसरे उदाहरण शेजारी ठेवले की हे अधिक स्पष्ट होते. निराधारांना मासिक अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार योजना १९८०मध्येच सुरू झाली. तिच्या नावाविषयी आपल्या मंडळींचे काय मत होते ते सांगायला नको! पण ती राज्याच्या अंदाजपत्रकातून चालली. म्हणून तिच्या तुटपुंज्या रकमेवर सभागृहात भांडता आले, लाभार्थ्यांच्या याद्या तहसीलदाराला विचारता आल्या. अंतुले गेले, काँग्रेस गेली, पुन्हा आली, सरकारे बदलत राहिली, योजना टिकली. कलावंतांसाठीही हाच मार्ग मोकळा होता. तो लांबचा होता आणि त्यावर प्रश्न विचारणारे लोक उभे होते, म्हणूनच तो टाळला गेला असे म्हणावे लागते.

फौजदारी कायद्याने या प्रकरणात जी वळणे घेतली तो वकिलांच्या अभ्यासाचा विषय आहे. आमदार हा भारतीय दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये ठरवले आणि खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो सोपवण्याचा आदेशच चुकीचा होता असे म्हटले. अंतुले अखेर फौजदारी न्यायालयात दोषी ठरले नाहीत, पुढे ते दोनदा केंद्रीय मंत्रीही झाले. ही नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. ज्यांना केवळ गुन्हेगार शोधायचा होता त्यांच्या हाती शेवटी काही लागले नाही. रिट याचिकेने मात्र सार्वजनिक अधिकार कशासाठी वापरला गेला हे पाच महिन्यांच्या आत उघड केले.

आता खुल्या बाजारवाल्यांचे म्हणणे. फेब्रुवारी १९८२मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९मध्ये पूर्ण उठले. उत्पादन वाढले, रांगा संपल्या, परवान्यासाठी हात जोडणे संपले. हे नाकारण्यात अर्थ नाही. टंचाई संपवणे हा टंचाईतल्या भ्रष्टाचारावरचा खरा उपाय आहे, आणि आपल्यातल्या काहींनी तो वेळेवर ओळखला नाही. पण पोत्यामागचे ते जादा रुपये कुठे गेले? जून २०१२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला संगनमताबद्दल सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तो आदेश कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द झाला, २०१६मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सहीतून जन्मणारा लाभ मंत्रालयातून निघून कंपन्यांच्या बैठकीत गेला, असा आयोगाच्या निष्कर्षाचा अर्थ होतो.

आणि सही तरी कुठे संपली? सिमेंटची संपली, जमिनीची, खाणीची, चटईक्षेत्राची, महामार्गाच्या कंत्राटाची राहिली. या सह्यांची किंमत सिमेंटच्या पोत्याहून कितीतरी मोठी आहे. २०१७मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील साडेसात टक्के नफ्याची मर्यादा काढली गेली. २०१८पासून निवडणूक रोखे आले, त्यात देणाऱ्याचे नाव मतदारापासून लपवण्याची कायदेशीर सोय होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, तोवर सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. १९८१मधल्या देणगीदाराचे नाव निदान प्रतिष्ठानच्या वहीत तरी सापडत होते.

मार्च २०२०मध्ये 'पीएम केअर्स' निधी स्थापन झाला. पंतप्रधान त्याचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. कंपन्यांनी दिलेला पैसा सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरला जाईल, असे सरकारनेच जाहीर केले. आणि २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगण्यात आले की हा भारत सरकारचा निधी नाही आणि त्यातील पैसा देशाच्या एकत्रित निधीत जात नाही. त्याचे लेखापरीक्षण महालेखापालांकडे नाही, सनदी लेखापालाकडे आहे. या निधीत सिमेंटसारखा व्यवहार झाला असे म्हणण्याचा येथे हेतू नाही, तसा पुरावा समोर नाही. पण पुरावा जिथे सापडू शकतो ती वहीच बंद असेल तर निर्दोष असण्याचा दावाही तितकाच निराधार ठरतो. सत्तेची खुर्ची सरकारी आणि पेटी खासगी, ही रचना प्रतिष्ठानाचीच आहे.

तालुक्यात आणि नगरपालिकेत काम करणाऱ्यांना दिल्लीच्या निकालांची वाट पाहावी लागत नाही. विकास आराखड्यातील आरक्षण १९६६च्या नगररचना कायद्याच्या ३७व्या कलमाखाली बदलले जाते तेव्हा त्याची सूचना राजपत्रात छापली जाते. वीस हजारांवरील देणग्यांची यादी प्रत्येक पक्ष दरवर्षी निवडणूक आयोगाला देतो. रोख्यांची यादी मार्च २०२४पासून सर्वांसमोर आहे. माहिती अधिकाराचा कायदा २००५पासून हाती आहे, फाइलवरील शेरे मागवता येतात. ही कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवणे हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला मोर्चाची रंगत नाही. सामंतांच्या याचिकेमागे याच जातीचे काम होते. प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-तीन कार्यकर्त्यांनी आपल्या शहरातील गेल्या पाच वर्षांचे आरक्षणबदल उतरवून काढण्यापासून सुरुवात करावी.