बिळापाशी थबकलेला वेडा राघू



२००२ साली ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत बेटी नावाच्या एका कावळीने सरळ तार वाकवली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. बेटी न्यू कॅलेडोनियाची. पॅसिफिक महासागरातल्या या बेटावरचे कावळे काटक्यांचे आकडे करून लाकडातल्या अळ्या बाहेर काढतात, हे गॅव्हिन हंट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले होते. ऑक्सफर्डच्या ॲलेक्स कासेल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचे होते ते एवढेच, की सरळ तार आणि आकड्याची तार समोर ठेवली तर पक्षी कामाची तार निवडतो का. उभी नळी, तळाशी कडी असलेली छोटी बादली, बादलीत खाऊ. आकड्याची तार एबल नावाच्या नराने पळवली. उरली सरळ तार. बेटीने तिचे एक टोक अडकवले, चोचीने दुसरे टोक ओढून आकडा केला आणि बादली वर काढली. मग मुद्दाम फक्त सरळ तारच देऊन पाहिले, तर दहापैकी नऊ वेळा तिने हेच केले.

कावळ्याला धातू वाकवायची युक्ती आयत्या वेळी सुचली, अशी ही गोष्ट चौदा वर्षे सांगितली गेली. २०१६ मध्ये ख्रिश्चन रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू कॅलेडोनियातल्याच रानटी कावळ्यांना लवचीक काटक्या दिल्या. त्यांच्यातल्या अनेकांनी काटकी खाचेत रोवली आणि बेटीसारखीच वाकवली. वाकवणे ही त्या जातीची रोजच्या कामातली लकब होती. बेटी स्वतःही रानातूनच आणलेली होती. तिची हुशारी त्यामुळे खोटी ठरत नाही. पण तार पाहून तिच्या डोक्यात काय चालले असेल याबद्दल जे मनोरे रचले गेले, ते रानातले कावळे आधी नीट न पाहिल्यामुळे रचले गेले.

पक्ष्यांच्या बुद्धीवरच्या संशोधनात असे वारंवार घडले आहे. म्हणूनच दुर्बीण आणि वही घेऊन फिरणाऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या मागच्या बाकावर बसावे, हे पक्षिमित्रांच्या या संमेलनाच्या अध्यक्षाला मान्य नाही. प्रयोगातला प्रश्न बरोबर विचारला गेला की नाही, हे बहुतेक वेळा निरीक्षकाच्या वहीवरून ठरते.

निकोला क्लेटन यांचे उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाच्या आवारात दुपारचे जेवण चालू असताना स्क्रब जे हे कावळ्याच्या कुळातले निळे पक्षी उरलेसुरले तुकडे उचलून नेत, लपवत, आणि थोड्या वेळाने एकटेच परत येऊन तेच तुकडे दुसरीकडे लपवत. रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट. क्लेटन यांनी तिच्यातून प्रश्न काढला: आपण काय, कुठे आणि कधी लपवले हे पक्ष्याला आठवते का? १९९८ मध्ये त्यांनी आणि अँथनी डिकिन्सन यांनी या पक्ष्यांना वाळू भरलेल्या तबकांत शेंगदाणे आणि मेणकिड्याच्या अळ्या लपवायला दिल्या. अळ्या पक्ष्यांच्या जास्त आवडीच्या, पण त्या सडतात. चार तासांनी सोडले तर पक्षी अळ्या उकरत. १२४ तासांनी, म्हणजे पाच दिवस उलटल्यावर सोडले तर अळ्यांच्या जागा सोडून सरळ शेंगदाण्यांकडे जात. प्रयोगाच्या वेळी तबकांत खाऊ ठेवलेलाच नसे, त्यामुळे वासाची मदत नव्हती.

पुढचा भाग अधिक गमतीचा आहे. २००१ मध्ये नेथन एमरी आणि क्लेटन यांनी दाखवले की लपवताना दुसरा पक्षी पाहत असेल, तर स्क्रब जे नंतर एकांतात येऊन लपवण्याची जागा बदलतो. पण सगळे बदलत नाहीत. ज्यांनी पूर्वी स्वतः चोरी केली आहे, तेच बदलतात! चोराच्या मनात चांदणे असते, हे मराठी माणसाला सांगायला नको. शास्त्रज्ञांना ते आकडेवारीने सिद्ध करावे लागले.

आता पुण्याला येऊ. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या मिलिंद वाटवे यांनी विद्यार्थ्यांना घेऊन वेड्या राघूवर काम केले. मातीच्या उभ्या दरडीत बीळ खोदून घरटे करणारा हा पक्षी इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चोचीत माशी किंवा चतुर धरून राघू तारेवर बसतो, बिळाकडे पाहतो, माणसाकडे पाहतो आणि आत जायचे टाळतो, हेही कॅमेरेवाल्यांनी कंटाळा येईपर्यंत पाहिले आहे. माणूस हा संभाव्य शत्रू, त्याला घरट्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. वाटवे यांच्या गटाने विचारले: राघू माणसाच्या नुसत्या जवळ असण्याला घाबरतो, की माणसाला बीळ दिसते आहे याला?

उत्तर शोधायला पिंजरा लागला नाही, महागडे यंत्रही नाही. बिळापासून साधारण सारख्याच अंतरावरच्या दोन जागा निवडल्या: एकीवरून बिळाचे तोंड दिसते, दुसरीवरून दिसत नाही. माणूस आधी इथे उभा, मग तिथे. तोंड दिसणाऱ्या जागी माणूस असताना राघू आत जाण्याचे प्रमाण कमी राहिले. न दिसणाऱ्या जागी तोच माणूस असताना ते वाढले. म्हणजे पक्षी नुसते अंतर मोजत नव्हता, माणसाच्या जागेवरून काय दिसते याचाही काही हिशेब करत होता. हे काम १९९९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आणि २००२ मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन'मध्ये छापून आले. बेटीच्याच वर्षी! बेटीचे नाव मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंतही पोहोचले असेल. पुण्याच्या राघूचे किती जणांपर्यंत पोहोचले, हे या सभागृहात हात वर करायला सांगितले तरी कळेल.

राघूला 'दुसऱ्याचे पाहणे' माणसासारखे कळते, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येणार नाही. माणूस, बीळ आणि आपण यांच्यातल्या कोनावरून ठरणारा एखादा साधा नियमही तो वापरत असेल. वेगवेगळे राघू वेगवेगळ्या रीतीने अंदाज घेतात, असे त्या शोधनिबंधातच नोंदलेले आहे. मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये घालून दिलेला दंडक असा, की साध्या कारणाने काम भागत असेल तर प्राण्याच्या पदरी मोठी बुद्धी बांधू नये.

हा दंडक आपल्या घाटांवर फार उपयोगी पडतो. दहाव्याला पिंड ठेवून अख्खे कुटुंब एका कावळ्याच्या निर्णयाची वाट पाहत उभे राहते. कावळा शिवला नाही की मृताची कोणती इच्छा राहिली याची कुजबुज सुरू होते. त्या सकाळी घाटावर आधी किती पिंड ठेवले गेले आणि कावळ्यांचे पोट किती भरलेले होते, हे कोणी विचारत नाही. श्रद्धेची टिंगल करण्याचा हेतू नाही. पण एवढे मोठे, रोजचे, आयते निरीक्षणस्थळ असताना तिथल्या कावळ्यांच्या वेळेची साधी वहीसुद्धा आपल्यापैकी कोणी ठेवू नये, याचे आश्चर्य वाटते.

शाळेच्या पुस्तकातला तहानलेला कावळा मात्र परीक्षेला बसून आला आहे. २००९ मध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी रूक या कावळ्याच्या भाऊबंदाला अर्धवट पाणी भरलेली नळी, पाण्यावर तरंगणारी अळी आणि दगड दिले. चारही रूकांनी दगड टाकून पाणी वर आणले, आणि लहान दगडांऐवजी मोठे वापरायला त्यांतले तिघे लवकर शिकले. रानात रूक अवजारे वापरताना दिसत नाहीत, म्हणून हे विशेष. २०१४ मध्ये न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्यांची त्याहून कठीण परीक्षा झाली. वाळू सोडून पाण्याची नळी निवडणे, तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या निवडणे, हे त्यांना जमले. रुंद आणि अरुंद नळीतला फरक ओळखता आला नाही, आणि एका नळीत दगड टाकून तिला आतून जोडलेल्या दुसऱ्या नळीत पाणी चढते हेही उमगले नाही. यश वर्तमानपत्रांत छापून येते, पण पक्षी नेमका कुठवर विचार करतो ते अशा अपयशातून कळते.

'एवढ्याशा डोक्यात इतके कसे मावते?' या जुन्या शंकेचे निरसनही आता झाले आहे. पक्ष्यांचा अग्रमेंदू बहुतांशी उपजत हालचालींपुरता, या समजुतीवर त्याच्या भागांची नावे शंभर वर्षे बेतलेली होती. ती २००५ च्या सुमारास बदलली गेली. २०१६ मध्ये पेशी मोजल्या गेल्या, तेव्हा पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत तेवढ्याच वजनाच्या वानरकुळातल्या मेंदूच्या सरासरी दुप्पट चेतापेशी आढळल्या. कावळा गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गणात मोडतो, हे ऐकून काही जण हसतील.

चिकाटीने पाहण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. बहिणाबाईंच्या कवितेतल्या सुगरणीने पिलासाठी खोपा विणला आणि तो मराठी मनात कायमचा टांगला गेला. अलिबागजवळ किहीमला सालिम अलींनी सुगरणींची वसाहत पाहिली, तेव्हा दिसले की विणतो तो नर. अर्ध्या खोप्याशी मादी येते, तपासते, पसंत पडला तर राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरा विणायला घेतो. कवितेचे त्यात काही बिघडले नाही. पक्षिशास्त्राच्या हाती मात्र मोठी गोष्ट लागली, ती एका माणसाने बसून पाहिल्यामुळे.

तेव्हा एक प्रस्ताव. वेडे राघू फेब्रुवारी ते जून घरटी करतात. प्रत्येक जिल्ह्यातल्या पक्षिमित्र मंडळाने एक दरड निवडावी. बिळापासून सारख्या अंतरावरच्या दोन जागा ठरवाव्यात, एक बीळ दिसणारी, एक न दिसणारी. आधी कुठे उभे राहायचे हे दर वेळी नाणे उडवून ठरवावे, नाहीतर सोयीची जागा आपोआप आधी येते. राघू आत गेला की वेळ लिहावी. गेला नाही तर तेही तितक्याच ठळकपणे लिहावे, कारण नेमक्या याच नोंदी आपल्या वह्यांत नसतात. पंधरा मिनिटांत पिलांपर्यंत चारा पोहोचला नाही, तर निरीक्षकाने उठून लांब जावे. नोंद अर्धवट राहिली तरी चालेल. गाव, तारीख आणि दरडीची दिशा लिहायला विसरू नये. एवढ्या जिल्ह्यांच्या वह्या जमल्या की त्यांचा हिशेब मांडायला पुढच्या संमेलनात एक अख्खे सत्र लागेल, ते कार्यकारिणीने आत्ताच राखून ठेवावे.